मूठभर दाणे, बाईच्याही वाट्याचे

(नाकाडोंगरी, ता. तुमसर, जि. भंडारा येथे बायांच्या बैठकीत केलेले भाषण)



उन्हाळ्यात चार पिकते, तेव्हा पहाटे जंगलात जाते कोण? बाई. फळे भिजवून, चोळून, वाळवून बी फोडते कोण? बाईच. ती चारोळी मात्र शहरातल्या बासुंदीत जाते. घरात दाण्याचे लाडू झाले तर आधी पुरुष, मग मुले. बाई शेवटी जेवते, भात आणि पातळ वरण.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आढळले. एकट्या दाण्यांनी ते भरून येणार नाही. पण दाणे काय करतात ते समजून घेऊ.

नुसता भात खाल्ला की रक्तातली साखर भरकन चढते, लवकर भूक लागते. सोबत दाणे असले तर त्यातले तेल, प्रथिने आणि चोथा यांमुळे पचन सावकाश होते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. मूठभर दाण्यांनी चरबी चढत नाही, कारण पोट भरलेले राहते.

मेंदूचे काय? स्पेनमध्ये सुमारे ७,४०० लोकांवर मोठा अभ्यास झाला. एका गटाला भाजी-फळे-मासे अशा आहारासोबत रोज ३० ग्रॅम अक्रोड-बदाम वगैरे दिले. त्यांच्यात हृदयविकार आणि लकवा कमी झाला. त्यातल्याच काही जणांची स्मरणशक्ती चांगली टिकल्याचे २०१५ मध्ये दिसले. मात्र २०२० च्या दुसऱ्या अभ्यासात निरोगी वृद्धांना दोन वर्षे अक्रोड देऊनही बुद्धीत एकूण फरक पडला नाही. म्हणजे ही जादू नव्हे. रक्तवाहिन्या धड राहिल्या तर मेंदूलाही आधार, इतकेच.

अक्रोड आपल्याला परवडत नाहीत. पण अक्रोडात ज्या जातीचे तेल आहे, ते आपल्या जवसात भरपूर असते. जवसाची चटणी, दाण्याचा कूट रोज ताटात घ्या. बुरशीचे, कडवट दाणे फेकून द्या. भाजूनही त्यांचे विष पूर्ण जात नाही. लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर जंगलात राहणाऱ्यांची मालकी मानली आहे. ती मालकी कागदावर राहू नये. बचत गटात बसून दोन गोष्टी ठरवा: चारोळीचा भाव एकजुटीने मागायचा, आणि विकण्याआधी घरचा वाटा बाजूला काढायचा. त्या वाट्यात बाईचे नाव पहिले असू द्या.