हैदराबादचे गाऱ्हाणे पॅरिसला

अहमदनगर-औरंगाबाद सडकेवरील वाळूज हे गाव १९४८ साली निजामाच्या मुलखात होते. त्या मुलखाचे परराष्ट्रसंबंध जैसे थे करारान्वये, म्हणजे २९ नोव्हेंबर १९४७ पासून, वर्षभर दिल्लीनेच पाहावयाचे होते. तरीही २१ ऑगस्ट १९४८ रोजी निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रार धाडली. १३ सप्टेंबरला हिंदी फौजा हद्दीत शिरल्या. हैदराबाद हे सार्वभौम राष्ट्रच नव्हे, सबब हा घरचा प्रश्न होय, अशी दिल्लीची भूमिका रामस्वामी मुदलियार यांनी १६ तारखेस पॅरिसला मांडली. करार पाहता ती सयुक्तिक होती. पण काश्मीरसाठी दिल्लीनेच जानेवारीत हे दार ठोठावले होते, म्हणून ती पटविणे अवघडही होते. समितीने विषय कामकाजात घेतला. औरंगाबाद तेव्हा पडलेच होते. दुसऱ्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली, आणि आठवड्याच्या आत तक्रारही मागे घेतली.