बैठ्या दिनक्रमाचे आव्हान



साथीच्या रोगांशी दीर्घकाळ झुंजणाऱ्या आपल्या देशापुढे आज असंसर्गजन्य रोगांचेही मोठे आव्हान उभे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात अंदाजे १० कोटी १० लाख मधुमेही असून, आणखी १३ कोटी ६० लाख व्यक्ती मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. या रोगांच्या नियंत्रणासाठी २०१० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आखण्यात आला. २९ ऑगस्ट २०१९ रोजी ‘फिट इंडिया’ चळवळ सुरू झाली. तथापि, कोणतीही योजना आपल्याऐवजी व्यायाम करू शकत नाही.

कार्यरत स्नायू रक्तातील साखर वापरतात. सतत बसून राहिल्यास हा वापर मंदावतो. अभ्यासिकेत तासन्‌तास बसणाऱ्या तुम्हा उमेदवारांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. आठवड्यातील पाच दिवस प्रत्येकी ३० मिनिटे भरभर चालल्यास हे साध्य होते. दर तासाला उठून चार पावले चालावे, मीठ दिवसाला पाच ग्रॅमहून कमी ठेवावे आणि अभ्यासासाठी झोपेला कात्री लावू नये. परीक्षा येतील आणि जातील. प्रशासनाची धुरा मात्र याच शरीराला वाहावयाची आहे.