उत्तर येईपर्यंत



‘तू एवढ्या मुलाखती घेतेस, त्यावर चार शब्द बोल’ असं सांगून मला उभं केलंय. शाळेत मी फळ्याजवळ उभी राहायचे ती बहुतेक शिक्षा म्हणूनच, त्यामुळे जरा धाकधूक आहे.

गेली पंधरा वर्षं मी सॉफ्टवेअर इंजिनिअरांच्या मुलाखती घेते. सुरुवातीला समोरचा बोलत असताना माझ्या डोक्यात पुढचा प्रश्न तयार असायचा. त्याला मी हुशारी समजत होते.

एकदा एक मुलगा आला. छोट्या गावातला, दहावीपर्यंत मराठी माध्यम. मी विचारलं, ‘मेमरीत मावणार नाही एवढी मोठी फाइल आहे. तिच्यात पुन्हा पुन्हा आलेल्या ओळी कशा शोधशील?’ तो गप्प. मी लगेच हिंट दिली. तो इंग्रजीत काही जुळवू लागला, अडखळला. मी दुसरी हिंट दिली. हिंट देण्यात मला उदारपणा वाटायचा! मग तो बिचारा माझ्याच हिंटमागे फरपटत गेला. मी शेरा लिहिला : ‘विचारात स्पष्टता नाही.’

दुसऱ्या दिवशी माझ्या कागदांत त्याचा कच्चा कागद सापडला. प्रत्येक ओळीचा हॅश काढायचा, त्यावरून फाइलचे तुकडे पाडायचे, मग एकेक तुकडा मेमरीत आणून तपासायचा. बाजूला मराठीत लिहिलं होतं, ‘सारख्या ओळी एकाच तुकड्यात येणार.’ उत्तर बरोबर होतं. माझ्या पहिल्या हिंटच्या आधीच त्यानं ते मांडलं होतं.

मी धावत गेले, पण नकाराचा ईमेल गेला होता. त्याला फोन करून चूक माझी होती एवढं तरी सांगता आलं असतं. तेही मी केलं नाही. अकरावीत इंग्रजीत उत्तर जुळवताना माझी काय अवस्था व्हायची, हे इथल्या निम्म्या जणांना ठाऊक आहे. म्हणून ते जास्त लागलं.

पुढे मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेचं काम वाचनात आलं. वर्गात प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद थांबलं, की उत्तरं लांबतात, त्यांत कारणं येतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. आपल्या गणिताच्या बाई प्रश्न विचारून सावकाश चष्मा पुसत बसायच्या. आपल्याला वाटायचं, काच फारच खराब होते!

आता मी लॅपटॉप मिटते, कुठल्याही भाषेत बोल म्हणते आणि प्रश्न विचारला की पाणी पिते. मागच्या महिन्यात तोच प्रश्न एका मुलीला विचारला. ती गप्प. माझी अर्धी बाटली संपली. मग ती हळूच म्हणाली, ‘मॅडम, ओळींचा मूळ क्रम राखायचा की नाही, ते तुम्ही सांगितलंच नाहीत.’

खरंच नव्हतं सांगितलं. इतक्या वर्षांत एकदाही.