कॉमेंटही तपासायला हवी

आपल्या पवनीत 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केलं आणि प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. तिथल्या शिल्पात नागराज मुचलिंद आहे आणि त्याचं नाव ब्राह्मी लिपीत कोरलेलं आहे. नाग आहे हे दगडच सांगतो; कोणता नाग, हे ती अक्षरं सांगतात. संगणकाच्या प्रोग्राममध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपणीला, म्हणजे कॉमेंटला, नेमकं हेच काम असतं. कोडमधून जे कळत नाही, ते तिनं सांगायचं. संगणक कॉमेंट वगळून पुढे जातो. म्हणूनच कोडमधल्या कितीतरी चुका चाचणीत पकडल्या जातात, कॉमेंटमधली चूक मात्र कोणतीच चाचणी पकडत नाही. ती पकडायची तर माणसानंच वाचली पाहिजे.

समजा, गोसीखुर्द धरणाच्या विसर्गावर लक्ष ठेवणारा एक प्रोग्राम आहे आणि त्यात 5000 हा आकडा आहे. शेजारी कॉमेंट आहे, ‘विसर्ग 5000 पेक्षा जास्त आहे का ते पाहा’. कोडची ओळ जे सांगते तेच इथे पुन्हा लिहिलंय. पण हे क्युमेक की क्युसेक? एक क्युमेक म्हणजे सुमारे 35 क्युसेक. अंदाज चुकला तर वैनगंगेकाठच्या गावांना द्यायचा इशाराच चुकेल. ‘मर्यादा क्युमेकमध्ये, ओलांडली की काठच्या गावांना इशारा’ एवढं लिहिलं तरी पुरे. 1999 साली ‘नासा’चं मंगळाकडे गेलेलं यान हातचं गेलं, कारण एका गटाचे आकडे पौंडात होते आणि दुसऱ्यानं ते न्यूटनमध्ये धरले. तिथे दोष फक्त कॉमेंटचा नव्हता, पण एकक गृहीत धरण्याची किंमत त्यातून कळते.

यावर काही प्रोग्रामर म्हणतात, कोड स्वच्छ असेल, नावं नीट दिली असतील, तर कॉमेंट हवीच कशाला? यात तथ्य आहे. लिनक्सची लेखननियमावलीही अति कॉमेंटपासून सावध करते आणि कोड कसं चालतं हे कॉमेंटमध्ये समजावू नका, असं सांगते. पण चांगल्या नावावरून काम कळतं, कारण कळत नाही. हीच मर्यादा का, सोपी पद्धत का टाळली, हे नावात मावत नाही. दुसरा आक्षेप असा, की शब्दांचा कीस काढत बसलं तर काम रखडतं. तेही खरं, म्हणून विरामचिन्हं आणि शैलीचे नियम टीमनं एकदाच लिहून ठेवावेत आणि त्यावर रोज वाद घालू नये. मात्र वाक्याचे दोन अर्थ निघत असतील, किंवा कोड बदलूनही कॉमेंट जुनीच राहिली असेल, तर बदल मंजूर करू नये. कॉमेंट नसेल तर वाचणारा निदान शोध घेतो. चुकीची असेल तर तो तिच्यावर विसंबतो. कोड तपासणाऱ्यानं म्हणूनच कॉमेंटला दोन प्रश्न विचारावेत: हे आजही खरं आहे का, आणि नवख्या माणसाला यातून कारण कळेल का?