लेखनशिक्षण आणि यंत्राचे साहाय्य
(वार्षिक संमेलनातील भाषण)



शाळामास्तराने विद्यापीठातील विषयावर बोलावे, हे धाडसच होय. परंतु कार्यकारी मंडळाची आज्ञा मोडवेना. शिवाय आपल्या समाजातील महाविद्यालयीन मुले-मुली आपले निबंध व प्रकल्प घेऊन मजकडे येतात, म्हणून हे चार शब्द.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने १९७६ साली लेखनकक्ष स्थापिला. अशा कक्षांची रीत अशी, की विद्यार्थ्याने आपला कच्चा खर्डा मार्गदर्शकासमोर मोठ्याने वाचावा. मार्गदर्शक लेखणी हाती घेत नाही. 'तुला काय म्हणावयाचे आहे?' असे विचारीत राहतो. पुढे १९९४ च्या सुमारास पर्ड्यूने आपली मार्गदर्शक टिपणे संगणकाच्या जाळ्यावर सर्वांस खुली केली. आपल्याकडे सोनिपतच्या अशोका विद्यापीठात असा कक्ष आहे. मजकडे येणाऱ्या मुलांपैकी मात्र कोणासही ही सोय लाभलेली मी पाहिली नाही.

मराठीसाठी यंत्राने थोडे केलेले नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने संगणकावर देवनागरी रुळविली. युनिकोडमुळे एका यंत्रावरील मजकूर दुसऱ्यावर न बिघडता उमटू लागला. शुद्धलेखन तपासणारी साधनेही आहेत. परंतु केवळ कोशाशी ताडून पाहणारे साधन 'दिन'च्या जागी 'दीन' पडला तरी मौन धरते, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत!

गतवर्षी कांदिवलीचीच एक मुलगी निबंध घेऊन आली. विषय पोईसर नदीचा. भाषा सफाईदार, एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही. मी म्हटले, "बाळ, हे वाक्य मला समजावून सांग." ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "सर, हे मोबाईलनेच लिहून दिले." मला राग आला नाही. सकाळी लोकलमध्ये उभ्याने जाणाऱ्या आणि सायंकाळी शिकवण्या करणाऱ्या मुलीस तयार मजकुराचा मोह न पडता तरच नवल.

मी तो निबंध बाजूस ठेविला आणि २६ जुलै २००५ च्या पुराविषयी तिच्या आजीने काय सांगितले, ते बोलावयास लाविले. त्याच मोबाईलने तिचे बोलणे टिपून घेतले. ना विराम, ना परिच्छेद, सगळा गोंधळ. मग तिने तो मोठ्याने वाचला आणि श्वास थांबेल तेथे वाक्य तोडले. गूगल डॉक्समध्ये जुने खर्डे पुसले जात नाहीत, हा त्याचा सर्वांत मोठा गुण मला वाटतो. आमच्या वेळी पाटीवरचे पुसले की गेले! तिचे चार खर्डे क्रमाने पाहता आले. पहिल्यात नुसते पाणी होते. तिसऱ्यात प्रथमच, आजीने माळ्यावर चढविलेला पिठाचा डबा आला. शेवटच्या निबंधात तीन चुका उरल्या होत्या. त्या मी दाखविल्या, तिने सुधारल्या. आणि कोणतेही वाक्य विचारले असता ती समजावून सांगू शकत होती.

सबब माझी सूचना अशी, की समाजमंदिरात दर रविवारी सकाळी दोन तास एक मेज मांडावे. मी तेथे बसेन. मुलांनी खर्डा आणावा, कितीही खाडाखोडीचा असो. कोणा बांधवाकडे वापरातून निघालेला पण चालू संगणक असल्यास त्यांनी चिटणीसांस कळवावे.