मॉरिशस : सोळा पायऱ्यांवरून उभे राहिलेले राष्ट्र



हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेस, ज्वालामुखीतून वर आलेले बेट म्हणजे मॉरिशस. लहान बेटांसह या राष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर. या भूमीत मूळ रहिवासी कोणीच नव्हते. येथील प्रत्येकाचा पूर्वज समुद्र ओलांडूनच आला.

इ. स. १५९८ मध्ये डच आले. त्यांच्यामागून फ्रेंच आले आणि त्यांनी आफ्रिकेतून गुलाम आणून उसाचे मळे वाढविले. १८१० मध्ये बेट इंग्रजांच्या हाती गेले. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. पण मळ्यांना मजूर हवेच होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईस येथे आले. पुढे सुमारे साडेचार लाख भारतीय करारावर, म्हणजे ‘गिरमिटा’वर, या बेटावर उतरले. ज्या धक्क्याच्या सोळा दगडी पायऱ्या चढून हजारो मजूर आत गेले, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

हे मजूर बिहार व उत्तर प्रदेशातून आले, तसेच तमिळ व तेलुगू मुलखांतून आणि मुंबई बंदरातून कोकणातूनही आले. त्यांच्याजवळ धन नव्हते, सत्ता नव्हती. भजने, सण आणि कुलाचार मात्र होते. १९०१ मध्ये गांधीजी येथे थांबले, तेव्हा त्यांनी मुलांना शिकविण्याचा आणि राजकारणात लक्ष घालण्याचा आग्रह धरला. त्याच समाजातील शिवसागर रामगुलाम १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र राष्ट्राचे पहिले पंतप्रधान झाले. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान आणि चिनी वंशाचे लोक तेथे एका ध्वजाखाली नांदतात.

मराठी माणसाने येथे एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, आणि शाळांतून मराठी शिकविली जाते. परंतु मराठी कुळांतील घरांमध्येही आज मुख्यतः क्रिओल बोलली जाते. आरती मुखोद्गत असते. तिचा अर्थ मात्र पुष्कळांना शाळेतच शिकावा लागतो. देव समुद्रापार टिकले, भाषा झिजत गेली. पूजा वर्षातून एकदा केली तरी चालते. भाषा मात्र रोज बोलावी लागते.

म्हणून मॉरिशसच्या बांधवांचे कौतुक करताना आपल्या घरातील मुलांच्या ओठांवर कोणती भाषा आहे, याचाही विचार व्हावा. त्यांनी भाषा गमावली ती मळ्यातील सक्तीच्या जीवनात. आपल्यावर तर कोणाचीही सक्ती नाही.