घाटरस्त्यानें वाई ते पोलादपूर

पुण्याहून महाबळेश्वरास जावयाचें म्हणजे पहाटे मोटारींत बसावें, वाटेंत कोठें थांबूं नये आणि दुपारच्या जेवणाला हॉटेल गांठावें, अशी पुष्कळ कुटुंबांची रीत असते. मग दोन दिवस एका पॉइंटावरून दुसऱ्या पॉइंटावर धांवपळ होते, फोटो निघतात, आणि परततांना मुलें मागच्या आसनावर झोपीं जातात. एवढा खर्च करून सह्याद्रि ओलांडला, पण तो ओलांडल्याची घरांत कोणालाच दाद नाहीं, असा हा प्रकार होय.

वाट खरी सुरू होते ती वाईपासून, आणि वाईस निदान दोन तास तरी द्यावेत. कृष्णाकांठीं रास्त्यांनीं १७६२ सालीं बांधविलेलें ढोल्या गणपतीचें देऊळ आहे. पुराचें पाणी फाटून दोहों बाजूंनीं निघून जावें म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केलेली आहे. मुलांना ती बाजू अवश्य दाखवावी. मूर्तीच्या भव्यतेपेक्षां ही युक्ति त्यांच्या ध्यानांत अधिक राहते. जवळच मेणवली येथें नाना फडणीसांचा वाडा व घाट आहे. घाटावर टांगलेली मोठी घंटा वसईच्या १७३९ च्या विजयानंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेली. ‘स्वदेस’ या २००४ च्या चित्रपटांत हा घाट दिसला होता; तेव्हां आईबापांनाही तो ओळखीचा वाटण्याचा संभव आहे.

वाई सोडतांच पसरणीचा घाट लागतो. पांचगणीपर्यंत अवघें बारा किलोमीटर अंतर. पण तेवढ्यांत गाडी साडेपांचशें मीटरांहून अधिक उंच चढते. भरल्या पोटीं हा घाट चढूं नये, आणि अगदीं रिकाम्या पोटींही नाहीं. ज्या मुलाला वळणावर मळमळतें, त्याच्या हातांतील मोबाइल प्रथम काढून घ्यावा. कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय सांगतें कीं शरीर वळत आहे. पडद्यावर खिळलेले डोळे सांगतात कीं सारें स्थिर आहे. या भांडणांतच मळमळीचें मूळ आहे. दूरच्या डोंगराकडे दृष्टि लावली म्हणजे तें पुष्कळसें मिटतें. आजीच्या पिशवींतील आलेपाकाची वडी अर्थात् वर्ज्य नाहीं.

डोंगराकडे पाहावयास सांगितलें तर त्यांत पाहण्याजोगें पुष्कळ आहे. समोरच्या कड्यांवर आडव्या पायऱ्या दिसतात. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हा पसरला, निवाला, त्यावर पुन्हां दुसरा पसरला, त्या थरांच्या या पायऱ्या. पांचगणीचें टेबललँड म्हणजे या राशीवरचें झांकण. वरचा खडक युगानुयुगें पावसानें झिजून व धुपून लोहयुक्त तांबडा जांभा झाला, आणि तो टणक असल्यामुळें माथा सपाट राहिला. पांचगणीच्या रस्त्यांवरील उंच रुपेरी ओक मात्र इथले नव्हेत. ते ऑस्ट्रेलियांतून आलेले. एकोणिसाव्या शतकांत गांव वसविणाऱ्या जॉन चेसन यांच्या खटपटीनें येथें रुजले. नांवांत ओक असला तरी खऱ्या ओकाशीं त्यांचें नातें नाहीं.

आतां या वाटेचें खरें नवल. महाबळेश्वरीं वर्षाकाठीं साडेपांच ते सहा हजार मिलीमीटर पाऊस पडतो. तेथून वीसेक किलोमीटरांवरील पांचगणींत त्याचा तिसरा हिस्साही जेमतेम पडतो, आणि वाईंत एक हजारही भरत नाहीं. अरबी समुद्रावरून आलेला ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिता होतो व पूर्वेकडील गांवांना उरलेंसुरलें मिळतें. हें गणित कागदावर शिकविण्याची गरज नाहीं. वाईकडील उघडे, पिवळ्या गवताचे उतार मागें पडतात, आणि तासाभरांत गाडी जांभूळ, पिसा व अंजनी यांच्या दाट, सदाहरित, वाऱ्यानें वांकलेल्या रानांत शिरते. स्ट्रॉबेरीविषयीं येथें सांगणें नको. तीं शेतें मुलें आपण होऊन हुडकून काढतात.

क्षेत्र महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पांच नद्यांचे उगम एकत्र मानले आहेत. यांतील कृष्णा पूर्वेस वळून सुमारें चौदाशें किलोमीटरांचा पल्ला घेते व बंगालच्या उपसागरास मिळते. सावित्री पश्चिमेस उडी घेऊन बाणकोटापाशीं अरबी समुद्र गांठते. वाईंत ज्या पाण्यांत पाय भिजविले, तें आंध्राच्या वाटेला लागलेलें होतें, हें मुलांना या ठिकाणीं सांगावें.

येथून बहुतेक मंडळी आल्या वाटेनें परततात. पलीकडे उतरावयाचें असेल तर आंबेनळीचा घाट आहे. चाळीसेक किलोमीटरांत हा रस्ता प्रतापगडाच्या पायथ्यावरून बाराशें मीटरांहून अधिक खालीं, सावित्रीच्या खोऱ्यांत पोलादपुरास उतरतो. मात्र तो पावसाळ्याचा नव्हे, हें स्पष्ट सांगणें प्राप्त आहे. २८ जुलै २०१८ रोजीं सहलीस निघालेली एक बस या घाटांतून दरींत कोसळली आणि आंतील एकच मनुष्य वांचला. जुलै २०२१ मध्यें महाबळेश्वरीं चोवीस तासांत ५९४ मिलीमीटर पाऊस झाला. त्या वेळच्या अतिवृष्टींत दरडी कोसळून हाच रस्ता बंद पडला. मुलांना धबधबे दाखविण्याच्या हौसेनें आषाढ-श्रावणांत येथें येणें शहाणपणाचें नाहीं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम; हवा स्वच्छ असते आणि कड्यांवरून सहसा दगड सुटत नाहीं.

उतरतांना जुन्या चालकांचा नियम पाळावा: ज्या गियरांत घाट चढला जाईल त्याच गियरांत तो उतरावा. सारा भार ब्रेकवर टाकला तर ते तापून त्यांची पकड जाते, आणि नेमकी उताराच्या शेवटीं जाते. चढून येणाऱ्या गाडीस आधीं वाट द्यावी. वळणावर धुकें असल्यास कर्णा वाजवावा, पण पुढच्यास ओलांडूं नये. प्रतापगडीं तास-दोन तास थांबावें. १६५९ च्या नोव्हेंबरांतील प्रसंग पुस्तकांत वाचलेल्या मुलांना, खानाचें सैन्य या रानांत कसें अडकलें असेल, हें तटावरून पाहतांच उमगतें.

पोलादपुरास पोंचल्यावर हवा एकदम दमट होते, आणि घाटांत बसलेले कान मोकळे झालेले असतात. तापलेल्या चाकांवर गार पाणी ओतण्याची कांहीं चालकांना खोड असते. ती मोडावी, तशानें ब्रेकच्या लोखंडास तडा जाण्याचें भय असतें. गाडी अर्धा तास सावलींत उभी ठेवावी, आणि तेवढ्या वेळांत मुलांना सावित्री दाखवून आणावी.